धानाचा कट्टा आणि ४० बिटांचं कुलूप

आमच्या कामठ्यात 'निर्यातबंदी' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. (कामठा म्हणजे गोंदिया तालुक्यातलं गाव. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: नकाशात नागपूर सापडलं की उजवीकडे सरकत राहा आणि महाराष्ट्र संपायच्या जरासं आधी थांबा.) चहूकडे धानाच्या बांध्या आणि गोंदियाला राईस मिली. सप्टेंबर २०२२ मध्ये आधी कणीची निर्यात बंद झाली. २० जुलै २०२३ ला केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि पुढच्याच महिन्यात उकड्यावर २० टक्के निर्यात शुल्क बसवलं. पांढऱ्या तांदळावरची बंदी उठायला २८ सप्टेंबर २०२४ उजाडला. ती बंदी योग्य होती की अयोग्य, यावर पानठेल्यावर अजूनही दोन तट पडतात आणि मी त्यात पडत नाही. पण एक गोष्ट दोन्ही तटांना मान्य आहे. बंदी घातली आणि तांदूळ खरंच थांबला.

का थांबला? कारण तांदळाला वजन असतं. तो कट्ट्यात भरावा लागतो, कट्टे ट्रकवर चढवावे लागतात, ट्रक बंदरापर्यंत न्यावा लागतो आणि तिथे कागद तपासणारा माणूस बसलेला असतो. शिवाय मी माझा कट्टा तुम्हाला दिला की माझ्याकडे तो उरत नाही. एवढं सगळं असूनही गळती होतेच. २०२३-२४ च्या हंगामापासून छत्तीसगडात धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये मिळायला लागले, आणि बाहेरचं धान आत येऊ नये म्हणून तिथलं सरकार खरेदीच्या दिवसांत सीमेवर नाके लावतं. नाके लावावे लागतात यातच काय ते आलं.

आता कल्पना करा की कुणीतरी हाच कायदा गणिताला लावायचा ठरवला. ज्याला वजन नाही, जे देऊनही देणाऱ्याकडे शिल्लक राहतं, जे फोनवरून सांगता येतं, पाठ करून विमानात बसता येतं. तुम्ही म्हणाल, इतकं वेडं कोण असेल. तर मंडळी, जगातलं सर्वात ताकदवान सरकार हे वेड बरीच वर्षं करत होतं. आपल्या सरकारने त्याची नक्कल केली. आणि माझं आजचं भांडण असं आहे की ते वेड पुरतं गेलेलं नाही, नुसतं फायलींमध्ये जाऊन बसलंय.

एन्क्रिप्शन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही. लहानपणी 'च'ची भाषा सगळेच बोललोय. फरक एवढाच की 'च'च्या भाषेत युक्ती कळली की खेळ खलास. खऱ्या एन्क्रिप्शनमध्ये युक्ती जगजाहीर असते, गुप्त असते ती फक्त किल्ली. हे तत्त्व केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थाने १८८३ मध्ये मांडलं, म्हणजे संगणकाच्या कितीतरी आधी. कुलूप कसं बनवतात हे सगळ्यांना माहीत असू दे, त्याने माझं घर उघडत नाही. तेव्हा कुलूप बनवायची कृती देशाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा विचार मुळात केर्कहॉफ्सच्या शंभर वर्षं मागे आहे.

तरीही अमेरिकेत १९९६ पर्यंत एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं. रणगाडे, तोफा, क्षेपणास्त्रं आणि तुमची ईमेल झाकणारा प्रोग्रॅम, सगळे एका रांगेत. फिल झिमरमन या माणसाने १९९१ मध्ये 'पीजीपी' लिहून फुकट वाटलं. ते इंटरनेटवरून परदेशात गेलं, तेव्हा त्याच्यामागे फौजदारी चौकशी लागली ती जानेवारी १९९६ मध्ये सरकारने गुपचूप सोडून देईपर्यंत. विनापरवाना शस्त्रं निर्यात केल्याबद्दल! माणसाने आयुष्यात पिस्तूल विकलेलं नाही.

यातला सर्वात मजेदार किस्सा मात्र फिल कार्न नावाच्या इंजिनियरचा. ब्रूस श्नायरचं 'अप्लाइड क्रिप्टोग्राफी' हे पुस्तक तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाटात असेल. त्याच्या शेवटी अल्गोरिदमचा सोर्स कोड छापलेला आहे. कार्नने १९९४ मध्ये सरकारला रीतसर विचारलं, की हे पुस्तक परदेशी पाठवू का? उत्तर आलं, खुशाल पाठवा. मग त्याने तोच कोड असलेल्या फ्लॉपीबद्दल विचारलं. उत्तर आलं, नाही, ते शस्त्र आहे. म्हणजे कागदावर ते साहित्य आणि फ्लॉपीवर दारूगोळा. (परदेशातल्या माणसांना टायपिंग येत नाही अशी समजूत असावी. :-))

मग लोकांनी हीच फट धरली. एमआयटी प्रेसने १९९५ मध्ये पीजीपीचा अख्खा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला. १९९७ मध्ये पीजीपीच्या पुढच्या आवृत्तीचा कोड पुस्तकांच्या रूपाने कायदेशीरपणे युरोपात गेला, ६००० हून जास्त पानं, आणि तिथे स्वयंसेवकांनी ती पानं एकेक करून स्कॅन केली, चुका दुरुस्त केल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा उभा केला. आरएसए अल्गोरिदम पर्लच्या तीन ओळींत बसतो म्हणून लोक त्या ओळी टी-शर्टवर छापून फिरायला लागले. कायद्याने बघितलं तर तो टी-शर्ट घालून विमानतळावर जाणं म्हणजे शस्त्रांची तस्करी.

किस्से ऐकायला बरे वाटतात. पण या हसण्याच्या पलीकडे जे झालं त्याची किंमत तुमच्याआमच्यासारख्यांनी मोजलीये.

नव्वदीच्या उत्तरार्धात ज्यांनी नेटस्केप वापरलं त्यांना आठवत असेल, त्याच्या दोन आवृत्त्या असायच्या. अमेरिकेच्या नागरिकांसाठी १२८ बिटांची. बाकी जगासाठी ४० बिटांची, जिच्या माहितीच्या पानावर मोठ्या मानाने 'इंटरनॅशनल सिक्युरिटी' असं लिहिलेलं असायचं. 'इंटरनॅशनल' म्हणजे काहीतरी भारी, असं नागपूरच्या सायबर कॅफेतल्या पोरांना वाटायचं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होता, 'तुम्हाला मुद्दाम कच्चं दिलंय'.

कच्चं म्हणजे किती कच्चं? ४० बिटांच्या किल्ल्या एकंदर १,०९,९५१ कोटी. वाचायला प्रचंड वाटतं. पण समजा एखादा संगणक सेकंदाला १०० कोटी किल्ल्या लावून बघतो, तर सगळ्या लावून व्हायला त्याला साधारण १८ मिनिटं लागतात. १२८ बिटांसाठी त्याच संगणकाला लागणारी वर्षं लिहायची तर एकावर बावीस शून्यं द्यावी लागतील. हा १२८ भागिले ४०, म्हणजे तिपटीचा वगैरे फरक नव्हे. आणि हे तेव्हाही गुपित नव्हतं. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्सच्या दामियाँ दॉलिजेने संस्थेतले रिकामे पडलेले संगणक जुंपून आठ दिवसांत नेटस्केपचा ४० बिटांचा संदेश फोडला होता. जानेवारी १९९७ मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने ४० बिटांचं आव्हान साडेतीन तासांत निकालात काढलं. विद्यार्थी! ज्या कुलपाला कॉलेजचा पोरगा एका दुपारी उघडतो, ते कुलूप लावून जगाने क्रेडिट कार्डाचे नंबर पाठवावेत अशी अपेक्षा होती.

आता आपल्या घरात येऊ, कारण माझा खरा राग इथे आहे.

१९९८ च्या अखेरीस भारतात खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने द्यायचं धोरण आलं. त्या परवान्यात दूरसंचार खात्याने एक कलम घातलं: सर्वसामान्य व्यक्ती आणि संस्थांनी 'आरएसए किंवा तत्सम अल्गोरिदममध्ये ४० बिट' लांबीच्या किल्लीपर्यंतच विनापरवानगी एन्क्रिप्शन वापरावं. त्याहून जास्त हवं असेल तर लेखी परवानगी घ्यावी आणि उलगडायची किल्ली दोन तुकडे करून सरकारजमा करावी. ४० हा आकडा कुठून आला हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेने आपल्याला कच्चा माल पाठवण्यासाठी जी मर्यादा आखली होती, तीच आपण आपल्या लोकांवर कायदा म्हणून लादली. परक्याने जेवढं दिलं, तेवढंच तुम्हाला पुरे.

त्यातही 'आरएसएमध्ये ४० बिट' हे वाचून ज्यांना गणित येतं त्यांची हहपुवा होते. आरएसएची किल्ली ही दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते आणि ती फोडायची म्हणजे त्या दोन संख्या शोधायच्या. ४० बिट म्हणजे फार तर तेरा अंकी संख्या. हा घ्या नमुना: १००००३६००००९९. याचे अवयव शोधायला फक्त विषम संख्यांनी भागत गेलं तरी पाचेक लाख भागाकार होतात. लॅपटॉपला पापणी लवायलासुद्धा वेळ मिळत नाही. (उत्तर: १०००००३ आणि १०००००३३ नव्हे, १०००००३ आणि १००००३३. शून्यं मोजताना माझेच डोळे फिरले, लॅपटॉपचे नाही.) आरएसएला ज्या काळात शेकड्यांनी बिट लागत होते त्या काळात हे कलम लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याला सिमेट्रिक किल्ली आणि आरएसए किल्ली यांतला फरक माहीत नव्हता, आणि ज्याला माहीत होता अशा कुणाला विचारावं असं वाटलं नव्हतं.

यावर कडी म्हणजे १४ जून २००१ ला मुंबईहून रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बँकांना सांगितलं की ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये कमीत कमी १२८ बिटांचं एसएसएल वापरा. रिझर्व्ह बँक बरोबरच सांगत होती. पण मग बघा, दिल्लीचं खातं म्हणतं ४० च्या वर जाऊ नका, मुंबईची बँक म्हणते १२८ च्या खाली येऊ नका. दादरला बसून तुम्ही नेटवरून वीजबिल भरलंत तर रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने शहाणे आणि दूरसंचार खात्याच्या दृष्टीने किल्ली सरकारजमा न केलेले नागरिक. अर्थात कुणाला पकडलं नाही. पण कुणालाच पकडायचं नसलेला कायदा हा जास्त वाईट, कारण तो नेमका हव्या त्या माणसासाठी राखून ठेवता येतो.

आणि तारखा लक्षात घ्या. अमेरिकेने १९९६ च्या अखेरीस एन्क्रिप्शन शस्त्रांच्या यादीतून काढून व्यापार खात्याकडे सोपवलं. मे १९९९ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने डॅनियल बर्नस्टाइन यांच्या खटल्यात सोर्स कोडला अभिव्यक्तीचं संरक्षण आहे असं म्हटलं. जानेवारी २००० मध्ये किल्लीच्या लांबीची मर्यादा बाजारातल्या सॉफ्टवेअरपुरती जवळजवळ गेलीच. ज्यांनी ४० चा आकडा शोधला त्यांनी तो टाकून दिला आणि आपण? आपण तो २००७ च्या आयएसपी मार्गदर्शक सूचनांमध्ये पुन्हा छापला. वरातीमागून घोडे म्हणतात, इथे तर वरात घरी जाऊन झोपली होती.

"पण अतिरेक्यांचं काय?" हा प्रश्न येणार. येऊ दे, प्रश्न खोटा नाही. देशाच्या सुरक्षेची काळजी मलाही आहे. पण हिशोब करा की बंदीने नेमकं कोण अडतं. ज्याला कायदा मोडायचाच आहे तो फाईल उतरवून घेतो, झालं. आणि उतरवायला नसेल तर लिहितो. २००७ मध्ये अल-कायदाच्या समर्थकांनी 'असरार अल-मुजाहिदीन' नावाचं स्वतःचं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर बाहेर काढलं, ते त्याच छापील, प्रकाशित अल्गोरिदमवर. अडतो तो परवाना मागणारा, कायदा वाचणारा, नियम पाळून धंदा करणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण यासाठीच केली असावी.

मी सरसकट निर्यातबंदीच्या विरोधात नाही, हेही सांगून टाकतो. युरेनियम शुद्ध करायच्या सेंट्रीफ्यूजवर नियंत्रण हवंच. दुसऱ्याच्या फोनमध्ये घुसून ऐकणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर कुठल्या हुकूमशहाला विकलं जातंय यावर तर जास्तच नियंत्रण हवं. पण सेंट्रीफ्यूज हा कट्ट्यासारखा आहे, आणि हेरगिरीचं सॉफ्टवेअर हा छुपा सौदा आहे, विकणारा मोजका आणि घेणारा मोजका. छापून आलेल्या गणिताचं तसं नाही.

पुण्यात हा विषय काढला की कुणीतरी हमखास 'परम'चं उदाहरण देतं. अमेरिकेने आपल्याला हवे ते क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, हवामान खात्यासाठी एक दिला तोही अटी घालून, मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. भटकर आमच्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, त्यामुळे मला त्याचा जास्तच अभिमान. पण त्या गोष्टीतून लोक भलताच निष्कर्ष काढतात, की बंदी बरीच असते, त्याने माणूस स्वावलंबी होतो. अहो, परममधल्या ट्रान्सप्युटर चिप्स ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या होत्या. एक दार बंद होतं तेव्हा दुसरं उघडं होतं म्हणून ते जमलं. बंदी घालणाऱ्याच्या बाजूने बघाल तर त्याला हवं होतं ते झालं नाही आणि एक प्रतिस्पर्धी मात्र उभा राहिला. एन्क्रिप्शनच्या बाबतीत हेच घडलं, फक्त आणखी वेगाने. एसएसएलची सर्वात जास्त वापरली गेलेली मोफत लायब्ररी ऑस्ट्रेलियात एरिक यंगने लिहायला घेतली, तिचंच पुढे १९९८ मध्ये ओपनएसएसएल झालं. ओपनबीएसडी कॅनडातून वाटलं जायचं, मुद्दाम. डेबियनने एन्क्रिप्शनची पॅकेजं अमेरिकेबाहेरच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवली होती. अमेरिकन कंपन्या परवान्याच्या रांगेत उभ्या आणि बाकीचं जग कोड लिहून मोकळं.

शेवटी ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेने स्वतःसाठी नवं प्रमाण निवडलं, एईएस, तर स्पर्धा जिंकली दोन बेल्जियन माणसांनी, योआन दामन आणि विन्सेंट रायमन. आज अमेरिकेची सरकारी गुपितं बेल्जियमच्या कुलपात आहेत. त्याच सुमाराला, ऑगस्ट २००२ मध्ये, आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि मर्यादित वेळात ठरवायची रीत शोधली, आणि शोधनिबंध सरळ वेबवर ठेवला. व्यवहारात किल्ल्या बनवताना ती रीत वापरत नाहीत, दुसऱ्या जास्त वेगवान आहेत. पण विचार करा, कानपूरला त्या वेळी कुणी म्हणालं असतं की थांबा, हे संवेदनशील आहे, आधी निर्यात परवाना काढा, तर? आपण काय राखलं असतं?

आता सर्वात महत्त्वाचं. मुद्दाम कच्चं केलेलं कुलूप ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडेच राहत नाही. मार्च २०१५ मध्ये 'फ्रीक' नावाचा हल्ला जगासमोर आला. झालं होतं असं, की निर्यातीच्या काळातला ५१२ बिटांचा कच्चा आरएसए सर्व्हरमधून कुणी काढलाच नव्हता. ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये बसलेला भामटा सर्व्हरला म्हणायचा, "मी परदेशी आहे, मला निर्यातीचा माल द्या". सर्व्हर इमानदारीत कच्ची किल्ली द्यायचा, आणि कित्येक ब्राउझरमधल्या चुकीमुळे तेही ती मुकाट्याने घ्यायचे, सफारी आणि अँड्रॉइडचा ब्राउझरसुद्धा. ५१२ बिट फोडायचा खर्च तोवर भाड्याच्या क्लाउडवर सुमारे १०० डॉलर आणि सात-आठ तास इतका खाली आला होता. या भोकाच्या यादीत लाखो साइट होत्या, आणि त्यात चक्क अमेरिकेच्या एनएसएची स्वतःची साइट होती. दोनच महिन्यांनी 'लॉगजॅम' आला, तोही त्याच घराण्यातला. कायदा शिथिल झाला २००० मध्ये, त्याचं विष बाहेर पडलं २०१५ मध्ये. नियम रद्द करायला एक राजपत्र पुरतं. कोडमध्ये शिरलेला नियम काढायला किती वर्षं लागतात ते जुना कोड सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा.

२०१५ मध्येच, फ्रीकनंतर सहा महिन्यांनी, आपल्या सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. त्यात एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याने सरकारकडे नोंदणी करायची होती आणि नागरिकांनी आपल्या संदेशांची उघडी प्रत ९० दिवस सांभाळायची होती, मागितली की दाखवायला. म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची, पण तिचा फोटो तीन महिने जपून ठेवा. ओरड झाली, व्हॉट्सॲप वगैरे वगळल्याचा खुलासा आला, आणि २२ सप्टेंबरला मसुदा मागे घेतला गेला. चांगलं झालं. पण ज्या कलमाखाली तो काढला होता ते आयटी कायद्याचं ८४अ कलम, २००८ च्या दुरुस्तीने आलेलं, जागच्या जागी आहे. २०१३ पासूनच्या युनिफाइड लायसन्समध्ये ग्राहकांच्या एन्क्रिप्शनचा प्रश्न याच कायद्याखालच्या नियमांवर सोपवलाय. ताट मांडून ठेवलंय, पदार्थ कधीही वाढला जाऊ शकतो.

निर्यातीच्या बाजूलाही आपण गिऱ्हाइकाच्या जागेवरून आता मालकाच्या जागेवर आलोय. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार करारात सामील झाला. त्याआधी त्याच वर्षी डीजीएफटीने आपल्या स्कोमेट यादीत आठवा विभाग भरून घेतला, जो वासेनारच्या यादीवरून उतरवलाय, 'माहिती सुरक्षा' या पोटभागासकट. करारात शिरायची राजकीय कारणं मला कळतात आणि पटतातही. पण यादीतले उंबरठे बघा: सिमेट्रिक किल्ली ५६ बिटांहून लांब, आरएसए ५१२ बिटांहून लांब. ५६ बिटांचं डीईएस ईएफएफच्या यंत्राने जुलै १९९८ मध्ये ५६ तासांत फोडलं होतं. ५१२ चं काय झालं ते वर सांगितलंच. म्हणजे यादी सांगते की फुटणारं कुलूप बेधडक पाठवा, न फुटणाऱ्याला परवानगी विचारा. नव्वदीतला उंबरठा आजही दारात तसाच.

सवलती आहेत, नाही असं नाही. प्रकाशित सोर्स कोड वगळलेला आहे, दुकानात सर्रास मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला सूट आहे. पण आपण त्या सवलतीत बसतो की नाही, हे ठरवायला लागतो वकील. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी एक मजला असतो. बाणेरला भाड्याच्या दोन खोल्यांत बसलेल्या तिघांकडे नसतो. त्यांनी केनियातल्या पतसंस्थेला एक चांगलं की-मॅनेजमेंटचं उत्पादन विकायचं म्हटलं तर पहिला खर्च कोडवर नाही, सल्ल्यावर होतो, आणि बरेचदा तिथेच विचार सोडला जातो. हे नुकसान कुठल्या आकडेवारीत दिसत नाही, कारण न झालेल्या धंद्याची कुणी नोंद करत नाही.

आणि अमेरिकेचा कायदा सुटलाय म्हणावं तर तोही नाही. उद्या कामठ्याच्या एखाद्या पोराने राईस मिलच्या हिशोबाचं ॲप लिहिलं आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवर चढवलं, तर त्याला एक प्रश्न येतो: तुमचं ॲप एन्क्रिप्शन वापरतं का? कारण ॲप स्टोअर अमेरिकेतून चालतं, आणि तिथून डाउनलोड होणं ही कायद्याने निर्यात आहे. नुसतं एचटीटीपीएस असेल तर सूट मिळते, एका टिकचं काम. पण गंमत बघा, आमगाव रोडवरच्या मिलवाल्याने गोंदियाच्या पोराचं ॲप उतरवलं तरी मधे वॉशिंग्टनचा निर्यात कायदा उभा. खुल्या सोर्सवाल्यांना तर मार्च २०२१ पर्यंत, प्रमाणित एन्क्रिप्शन असलं तरी, कोडचा पत्ता अमेरिकेच्या व्यापार खात्याला आणि एनएसएला ईमेलने कळवावा लागायचा. त्या ईमेल कुणी उघडून वाचत होतं का, हा प्रश्न मी त्या खात्यांच्या कल्पनाशक्तीवर सोडतो.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. ८४अ खाली नियम करायचेच असतील तर त्यात कमाल मर्यादा नको, किमान मर्यादा हवी, रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये घातली तशी: याहून कच्चं वापराल तर दंड. विकणाऱ्याची नोंदणी नको, उघड्या प्रती सांभाळणं नको. स्कोमेटमध्ये, एईएससारखा प्रकाशित आणि प्रमाणित अल्गोरिदम वापरणारं कुठलंही उत्पादन हेरगिरीसाठी बनवलेलं नसेल तर त्याला परवाना लागत नाही, असं एका वाक्यात, वकिलाशिवाय कळेल असं लिहून टाका. वासेनारमध्ये आपण आता सदस्य आहोत, तिथे दरवर्षी यादीवर चर्चा होते. ५६ आणि ५१२ हे आकडे हटवा असं तिथे म्हणायला भारताइतका लायक देश दुसरा नाही, कारण ४० बिटांचं कुलूप आपण दोन्ही बाजूंनी भोगलंय, घेणारे म्हणून आणि लादणारे म्हणूनही.

आणि हे लवकर व्हायला हवं, कारण पुढची फेरी सुरू झालेली आहे. २०२३-२४ मध्ये स्पेन, फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स, कॅनडा आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिका, अशा एकेक देशांनी क्वांटम संगणकांवर निर्यात नियंत्रणं आणली आणि ३४ क्युबिट हा आकडा देशोदेशीच्या यादीत जवळजवळ अक्षरशः सारखाच आहे. यंत्रापुरतं ते समजू शकतो, यंत्र हा कट्टा आहे. पण या संगणकांपासून वाचवणारी नवी कुलपं, ज्यांची पहिली तीन प्रमाणं ऑगस्ट २०२४ मध्ये निघाली, ती गणितं आहेत. ती भरभरून, फुकट, सगळीकडे पोचायला हवीत, गोंदियाच्या सहकारी पतसंस्थेच्या सर्व्हरपर्यंत. ८४अ चा पुढचा मसुदा जेव्हा केव्हा निघेल, तेव्हा हरकती पाठवायला बहुधा थोडेच दिवस मिळतील. माझी हरकत मी आत्ताच लिहून ठेवलीये, दीड पानाची आहे, मराठीत आणि इंग्रजीत.